पाण्याचं विरजण

सौदी अरेबियातल्या अल-अहसा भागात, मुबर्रजचं घर सोडून हुफूफमध्ये यायचं ठरलं तेव्हा जुलै महिना होता. घरभाड्याचा करार तेव्हाच संपत होता, त्यामुळे महिना निवडायची सोय नव्हती. सामान न्यायला ‘डायना’ आली (इथे छोट्या ट्रकला सगळे डायनाच म्हणतात) आणि ड्रायव्हरने हॉलमधली माशांची टाकी बघून विचारलं, “भाभी, पानी रहने दूँ? चार आदमी उठा लेंगे.” भला माणूस. मासे पाण्यातच राहिले तर सुखरूप राहतील, असं त्याला मनापासून वाटत होतं. बहुतेकांना तसंच वाटतं.

पण हिशोब करून बघा. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी साधी टाकी घेतली, तरी तिच्यात जवळजवळ १२७ लिटर पाणी मावतं. एक लिटर म्हणजे एक किलो. वर काच आणि तळाची खडी. दीडशे किलोच्या पुढचं हे ओझं उभं असतं काचेच्या कडांना लावलेल्या सिलिकॉनच्या एका रेघेवर. टाकी जागेवर स्थिर असते तोवर ती रेघ सगळं पेलते. उचलताना एक कोपरा जरा आधी वर गेला की काच पिळवटते आणि सांधा सुटतो. तो तिथल्या तिथे फुटला तर निदान कळतं तरी. बरेचदा तो आठ दिवसांनी रात्री झिरपायला लागतो. म्हणून टाकी रिकामी करूनच उचलायची. तळाला चार बोटं पाणी किंवा ओली खडी ठेवून उचलणंही धोक्याचंच.

मग न्यायचं काय? याचं उत्तर मला आधीच्या चुकीतून मिळालं. ही टाकी आमच्याकडे आली ती एक्झिटवर, म्हणजे इथलं सगळं आवरून कायमचं गावी परतणाऱ्या एका रत्नागिरीकर कुटुंबाकडून. मी ती मोठ्या हौसेने लख्ख केली. खडी सात पाण्यांनी धुतली, फिल्टरचा तपकिरी झालेला स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. आठवड्याभरात मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि दहाव्या दिवसापर्यंत अकरापैकी सात गेले. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. त्या सात माशांचं मला आजही वाईट वाटतं.

त्या स्पंजातला तपकिरी थर मी घाण समजले होते. तो होता विरजण. माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर पडतो आणि तो माशांनाच विषारी असतो. स्पंजावर, खडीवर, काचेवर चिकटून राहणारे एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू दुधात पडलेल्या विरजणासारखे रात्रीत वाढत नाहीत. कोऱ्या टाकीत त्यांची वस्ती पुरेशी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे घर बदलताना काच नवी घेतली तरी चालेल, पाणी बरंचसं नवं असलं तरी चालेल, पण स्पंज जुना आणि जिवंतच पोहोचला पाहिजे.

जिवंत म्हणजे ओला, आणि त्याला हवाही मिळालेली. हे जिवाणू ऑक्सिजनवर जगतात. फिल्टर बंद करून झाकणासकट गुंडाळून ठेवला तर आतल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरतात, आणि नव्या घरी फिल्टर सुरू केला की ती कुजकट घाण थेट टाकीत उतरते. म्हणून स्पंज आणि फिल्टरमधले सिरॅमिकचे तुकडे टाकीच्याच पाण्याच्या बादलीत ठेवायचे आणि बादलीवर झाकण नुसतं टेकवायचं. लांबचा प्रवास असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप त्यात सोडायचा. खडीच्या खाली मात्र खरोखरचा गाळ असतो. ती टाकीच्याच पाण्यात हलकेच खळबळून घ्यावी. न ढवळता तशीच नेली तर हलवाहलवीत तो गाळ वर येतो आणि त्यातला सडलेल्या अंड्याच्या वासाचा वायू माशांना बाधतो.

आता हुफूफच्या पाण्याविषयी. अल-अहसा हे नावच पाण्यावरून पडलेलं. वरती वाळू, खाली कठीण थर, आणि मध्ये हाताने उकरलं तरी लागेल असं पाणी, अशा जागेला अरबीत ‘हिसी’ म्हणतात. तिचं अनेकवचन अहसा. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या पात्रात झिरा खणतात, ते डोळ्यांपुढे आणा. सुमारे २५ लाख खजुरीची झाडं पोसणारं आणि २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं हे मरुद्यान अशा पाण्यावर उभं राहिलं. उम्म सबअ, म्हणजे सातांची आई, हा सात वाटांनी वाहणारा झरा त्यातलाच. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत उपसा इतका वाढला की इथले झरे आपोआप वाहायचे थांबले. आज कुठे समुद्राचं क्षार काढलेलं पाणी येतं, कुठे बोअरचं, कुठे ‘वायट’ म्हणजे टँकर येऊन टाकी भरतो. त्यामुळे दोन घरांत पंधरा मिनिटांचं अंतर असलं तरी पाणी एकच असेल याची खात्री नाही. आरओचं पाणी तपासायला घेतलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मी दोन्हीकडे लावला. जुन्या घरी २१०, नव्या घरी ६४०. एवढ्या फरकाच्या पाण्यात मासे थेट सोडले असते तर त्यांना जबर धक्का बसला असता. म्हणून जुनं पाणी निम्म्याहून जास्त बरोबर घेतलं, पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या बाटल्यांत भरून.

उरलेलं पाणी नव्या घरचं. जुलैत इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड पाण्याच्या नळाला हात लावता येत नाही. म्हणून इथली जुनी माणसं उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि घरात थंड राहिलेलं गीझरमधलं पाणीच अंघोळीला घेतात. मी आदल्या दिवशी तेच पाणी बादल्यांत काढून एसीच्या खोलीत ठेवलं आणि त्यात अँटी-क्लोरीन टाकलं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे खरं, पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते तसं जात नाही. औषध घालणंच बरं.

विजेचंही बघून घ्या. इथल्या जुन्या इमारतींत अजून १२७ व्होल्टचे सॉकेट सापडतात. त्यावर २२० चा हीटर नीट तापत नाही आणि पंप कण्हत राहतो. वीज ६० हर्ट्झची असल्याने मुंबईहून आणलेला ५० हर्ट्झचा फिल्टर पंप इथे जास्त वेगाने फिरतो आणि लवकर तापतो. नव्या घरी टाकीची जागा ठरवण्याआधी मी सॉकेट तपासले, मग सोफ्याची जागा ठरली.

माशांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं. दोन दिवस ते सहज राहतात, आणि पिशवीतलं पाणी कमी घाण होतं. टाकी आवरताना हीटर अर्धा तास आधी बंद करायचा, नाहीतर पाणी खाली गेल्यावर त्याची तापलेली काच तडकते. मासे पकडायचे ते पाणी एक तृतीयांश उरल्यावर. भरल्या टाकीत जाळी घेऊन त्यांच्यामागे धावणं म्हणजे प्रवासाआधीच त्यांना दमवणं.

पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसातच, आणि गरम पाण्यात माशांना ऑक्सिजन लागतो मात्र जास्त. म्हणून पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, आणि खोकं आमच्या गाडीत एसीसमोर. डायनाच्या मागे नाही. पिशवीचे खालचे दोन्ही कोपरे रबराने बांधले, नाहीतर छोटे टेट्रा मासे त्या चिमटीत अडकतात. कोरी माशांच्या परांना काटे असतात, त्यांना बादलीच बरी. गुरामी मासा वर येऊन हवा घेतो, त्याच्या पिशवीत मोकळी जागा ठेवावीच लागते.

आम्ही शुक्रवारी पहाटे, फजरची अजान झाल्यावर निघालो. रस्ते रिकामे होते आणि हवा त्या दिवसातली सगळ्यात थंड. टाकी सगळ्यात शेवटी सोडवली आणि नव्या घरी सगळ्यात आधी मांडली. स्टँड लेव्हलने तपासला, खाली थर्माकोलची शीट घातली. खडी पसरून तिच्यावर ताटली ठेवली आणि ताटलीवर पाणी ओतलं, म्हणजे तळ ढवळत नाही. मग स्पंज, मग फिल्टर. पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मासे जाळीने उचलून सोडले, पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं.

प्रवास कित्येक तासांचा असेल, तर पिशवी उघडल्यावर रेंगाळू नये. माशांच्या श्वासाने पिशवीतलं पाणी थोडं आम्ल झालेलं असतं, आणि तसल्या पाण्यात अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. पीएच ७ ला जेमतेम अर्धा टक्का अमोनिया विषारी असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो.

सामान कमी करताना मासेही कमी करावेसे वाटतात. जरूर द्या, पण माणसाला द्या. इथल्या खजुरीच्या बागांतल्या कालव्यांत सोडू नका. त्या पाण्यात अफॅनिअस नावाचा बोटाएवढा स्थानिक मासा डासांच्या अळ्या खाऊन राहतो, आणि त्याच्या घासात वाटेकरी पाठवायचा आपल्याला हक्क नाही. हौशी टाक्यांतून सुटलेल्या सकर माशाने आपल्याकडे नद्या-धरणांतल्या मासेमारीला केवढा त्रास दिला आहे, ते जाळी फाटलेल्या कोळ्यांना विचारा.

पहिले दोन दिवस टाकीतला दिवा बंद ठेवला, खाणं चिमूटभरसुद्धा नाही. गुरामी खडकामागे दडून होता. मुलगी रोज शाळकरी गांभीर्याने परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब मोजायची आणि नळी खिडकीशी धरायची. अमोनिया असेल तर रंग हिरवा, नसेल तर पिवळा. चौथ्या दिवशी किंचित हिरवट झाक आली, तेव्हा पाव टाकी पाणी बदललं. नवव्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली आणि काही न बोलता नळी माझ्यासमोर धरली. लिंबाच्या सालीसारखा पिवळा.