प्रेरक चेतापेशींचा ऱ्हास आणि त्यांचा शेजार

मेंदू आणि मेरुरज्जू यांच्याविषयीचे विवेचन बहुधा चेतापेशींभोवतीच फिरत राहते, कारण विद्युत्संकेत वाहून नेण्याचे काम त्या करतात. परंतु माणसाच्या मेंदूत जवळपास तितक्याच संख्येने असणाऱ्या ग्लिया, म्हणजे साहाय्यक पेशींवाचून हे काम सुरळीत चालूच शकत नाही. एक चेतापेशी दुसरीला संदेश देते तेव्हा दोघींच्या सांध्यावर ग्लुटामेट हे रसायन सोडले जाते, आणि ते तेथे साचून राहिले तर पुढच्या पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरून ती अतिउत्तेजनानेच मरते. म्हणून तारकाकृती ॲस्ट्रोसाइट पेशी ते शोषून घेतात, त्याचे ग्लुटामिनमध्ये रूपांतर करतात आणि हे ग्लुटामिन चेतापेशींकडे परत पाठवतात. १९१९ मध्ये पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने ज्यांचे स्वतंत्र वर्णन केले, त्या मायक्रोग्लिया पेशींकडे संरक्षणाचे आणि सफाईचे काम असते.

हे सहकार्य बिघडले म्हणजे काय होते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एएलएस या आजारातून मिळाला आहे. स्टीफन हॉकिंग यांना जडलेल्या या आजारात स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या प्रेरक चेतापेशी एकामागून एक नष्ट होतात, त्यामुळे मूळ दोष त्यांच्यातच असावा असे मानणे स्वाभाविक होते. १९९३ मध्ये काही रुग्णकुटुंबांत एसओडी१ या जनुकातील उत्परिवर्तन सापडले आणि ते उंदरांत घालून या गृहीताची परीक्षा घेणे शक्य झाले. डॉन क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व सदोष पेशींचे मिश्रण असलेले उंदीर तयार केले, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष विलक्षण होता: सदोष साहाय्यक पेशींनी वेढलेल्या निरोगी प्रेरक पेशींतही बिघाडाची लक्षणे दिसली, तर निरोगी शेजार लाभलेल्या सदोष प्रेरक पेशी अधिक काळ तगल्या. पुढे २००६ मध्ये असे दिसले, की सदोष जनुक प्रेरक पेशींतून कमी केल्यास आजार उशिरा सुरू होतो, तर मायक्रोग्लियांतून कमी केल्यास सुरू झालेला आजार संथ गतीने वाढतो. आरंभ आणि प्रगती यांची सूत्रे वेगवेगळ्या पेशींच्या हाती असणे, ही उपचारांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची बाब आहे, कारण रुग्ण डॉक्टरांपुढे येतो तो बहुधा आरंभ होऊन गेल्यावरच.

ग्लुटामेट शोषणाऱ्या वाहक प्रथिनाची कमतरताही एएलएसच्या रुग्णांत आढळली आहे, आणि १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रिलुझोल हे औषध ग्लुटामेटचे उत्सर्जन घटवते. मात्र त्याने आयुष्य सरासरी काही महिन्यांनीच वाढते. एसओडी१चा दोष शंभरांतील सुमारे दोनच रुग्णांत असतो, म्हणून इतरांचे काय, हा प्रश्न उरतोच. कुटुंबात आजाराचा इतिहास नसलेल्या रुग्णांच्या ऊतींपासून वाढवलेल्या ॲस्ट्रोसाइट पेशींनीही प्रयोगशाळेत निरोगी प्रेरक पेशी मारल्याचे २०११ मध्ये दिसून आले, आणि त्यामुळे साहाय्यक पेशींचा सहभाग एकाच जनुकापुरता मर्यादित नसावा, हे मत बळावले.