उष्णता थोपवून धरणारे मेण

शक्तिशाली इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे आयुष्य त्यांतील अर्धवाहक चिपच्या तापमानावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. मात्र ज्या उपकरणांवरील भार काही मिनिटांपुरताच वाढून पुन्हा ओसरतो, त्यांना तेवढ्यासाठी मोठे पंखे किंवा पंप बसवणे वजनाच्या आणि खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही. अशा ठिकाणी अवस्थांतर पदार्थ, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळताना भरपूर उष्णता शोषून घेणारे पदार्थ, उपयोगी पडतात.

वितळणाऱ्या पदार्थाला दिलेली उष्णता त्याचे तापमान न वाढवता कणांमधील बंध सैल करण्यात खर्च होते. हिलाच अप्रकट उष्मा म्हणतात आणि अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने तिचा शोध लावला. आयकोसेन हे पॅराफिन वर्गातील मेण सुमारे ३७ अंश सेल्सिअसला वितळते आणि प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे २४० किलोज्यूल उष्णता सामावून घेते. म्हणजे १०० वॅट उष्णता सोडणाऱ्या मंडलाला एक किलोग्रॅम मेण तत्त्वतः ४० मिनिटे सांभाळू शकते. तेवढीच उष्णता एक किलोग्रॅम ॲल्युमिनियमला दिली, तर त्याचे तापमान २६० अंशांहून अधिक वाढेल.

अडचण अशी, की मेणाची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ एक हजारांश असल्याने चिपलगतचा थर वितळला, तरी आतले मेण घट्टच राहते. म्हणून मेणाच्या पेटीत धातूच्या पात्या, सच्छिद्र धातू किंवा ग्राफाइट घालून उष्णतेला आतवर वाट करून दिली जाते. सुमारे ३० अंशांना वितळणारा गॅलियम हा धातू उष्णता झपाट्याने वाहून नेतो. परंतु तो ॲल्युमिनियमला पोखरतो, त्यामुळे त्याच्या पेटीसाठी वेगळा धातू निवडावा लागतो.

या तंत्राचा कस चंद्रावर लागला. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतील चांद्रवाहन चालत असताना धूळ बसू नये म्हणून त्याच्या उष्णता-उत्सर्जक पृष्ठभागांवर झाकणे असत, आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची उष्णता मेणाच्या पेट्या व बॅटऱ्या साठवून ठेवत; वाहन थांबल्यावर अंतराळवीर झाकणे उघडत, तेव्हा साठलेली उष्णता अवकाशात उत्सर्जित होई आणि मेण पुन्हा गोठे.

अवस्थांतर पदार्थ उष्णता नाहीशी करत नाही, तिला केवळ थोपवून धरतो. म्हणूनच अखंड चालणाऱ्या यंत्राला तो एकटा पुरा पडत नाही. परंतु ज्या यंत्राला दोन भारांमध्ये पुरेशी विश्रांती मिळते, त्याच्यासाठी एकही हलता भाग नसलेली ही व्यवस्था अतिशय भरवशाची आहे.