लेथला सीएनसी करताय? आधी आट्यांचं बघा

परवा शिरोली एमआयडीसीतल्या एका मित्राकडे गेलो होतो. जुना लेथ, नवे बॉलस्क्रू, सर्व्हो मोटर, सगळं छान बसवलेलं. पण आटे पाडायला घेतले की दुसऱ्या पासला टूल पहिल्या खाचेत बसेना.

दोष कंट्रोलरच्या निवडीत होता. त्याने राउटरसाठीचा कंट्रोलर घेतला होता.

लेथचं काम वेगळं आहे. १.५ मिमी पिचचे आटे ५०० आरपीएमवर पाडताना झेड अक्ष मिनिटाला ७५० मिमी सरकतो. कटचा भार येऊन स्पिंडल ४८० वर उतरला आणि झेड तसाच धावत राहिला, तर पिच १.५६ होते. नट बसणार कसा?

म्हणून कंट्रोलरने स्पिंडलचा एन्कोडर सतत वाचायला हवा आणि प्रत्येक पास दर फेरीला एकदा येणाऱ्या इंडेक्स पल्सवरच सुरू करायला हवा. यालाच स्पिंडल सिंक म्हणतात. ग्रबल या कंट्रोलर फर्मवेअरच्या मूळ आवृत्तीत ही सोय नाही. लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरमध्ये आहे (जी३३, जी७६), शिवाय ते मोफत आहे. सोबत मेसा कंपनीचं एन्कोडर वाचणारं कार्ड घ्या. माझ्या लेथवर हीच जोडी आहे आणि मला तीच आवडते.

एन्कोडर टायमिंग बेल्टने, १:१ पुलीवर बसवा. साधा व्ही-बेल्ट घसरतो.

विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: "स्पिंडल सिंक आहे का?"

तुमच्या लेथचं मॉडेल आणि मोटरची माहिती कमेंटमध्ये टाका, वायरिंगसकट सांगतो.