माल चोख, बोलणे अडते: कारागिरांच्या इंग्रजीविषयी थोडेसे

परंड्याच्या बाजारपेठेत एकाच दुकानात तीन भाषा सहज कानावर पडतात. दुकानदार आतल्या पोराला दखनीत हाक मारतो, खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाशी मराठीत भाव करतो आणि माल उतरवणाऱ्या ट्रक ड्रायव्हरशी हिंदीत हिशेब मिटवतो. त्याच्या मराठीत कधी लिंग चुकते, कधी प्रत्यय राहून जातो. पण त्यापायी सौदा मोडल्याचे कोणी ऐकले आहे काय? याच दुकानदाराला पुण्या-बंगळूरच्या एखाद्या कंपनीचा फोन आला आणि पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलू लागला, की फोन मुलाच्या हातात जातो. मुलगा शाळेत गेला असेल तर फोन वाजून वाजून बंद पडतो, आणि ऑर्डर दुसऱ्या गावाला जाते.

आखाती देशांत कामाला जाऊ पाहणाऱ्या कारागिराचे नुकसान याहून मोठे असते. मुंबईला ट्रेड टेस्टमध्ये वेल्डर सांधा अगदी सफाईदार मारतो. मग समोरचा साहेब विचारतो की ही रॉड का घेतली, आधी कोणत्या जाडीच्या पाइपवर काम केले आहे. उत्तर माहीत असते, पण तोंडातून निघत नाही. असा माणूस वेल्डरऐवजी हेल्पर म्हणून भरती झाला, तर दोन वर्षांच्या करारात दरमहा त्याची भरपाई तोच करीत राहतो. हात कुशल आणि पगार अकुशल, हा हिशेब आमच्या मते कोणत्याही व्यापाऱ्याला पटण्यासारखा नाही.

नवी भाषा आत्मसात करणे ही परंड्याला काही नवी गोष्ट नाही. निजामाच्या राज्यात इथल्या कचेरीचे कामकाज उर्दूतून चाले. १९४८ नंतर ते राज्य संपले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि सरकारी कागद मराठीत येऊ लागले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने त्यासाठी कोणता क्लास लावला नाही. अर्ज, पावती, तारीख, साक्ष यांची भाषा त्यांनी कचेरीत उभे राहून, विचारून, चुकून उचलली. त्याही आधी याच किल्ल्यावर असलेली आणि १६३२ साली विजापूरला गेलेली मुलूख-ए-मैदान तोफ रूमी खान नावाच्या तुर्की कारागिराने नगरला १५४९ साली ओतली होती. परमुलखातल्या उस्तादाने इथल्या माणसांबरोबर काम करण्याची रीत दख्खनला तेव्हापासूनची आहे.

मग इंग्रजीच का अडते? आम्हाला वाटते, कारण ती शिकण्याच्या पद्धतीत आहे. मराठी आपण बाजारात शिकलो आणि इंग्रजी मात्र वहीत. २००० सालापासून राज्यातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी शिकलेल्यांची सुरुवात पाचवीत झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाच्या कित्येक पिढ्या घडवल्या आणि तिचे उपकार कोणी नाकारणार नाही. पण मनात मराठी वाक्य रचायचे, त्याचे तुकडे करायचे, क्रियापद शेवटून उचलून मध्ये आणायचे आणि मग बोलायचे, एवढा वेळ गिऱ्हाईक देत नाही.

कॅनडात इंग्रजी घरांतील मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा निघाल्या होत्या. काही वर्षांनी ही मुले ऐकून समजण्यात फ्रेंच मुलांच्या जवळपास पोहोचली, पण बोलण्या-लिहिण्यात मागेच राहिली. मेरिल स्वेन या भाषातज्ज्ञ बाईंनी १९८५ साली त्यावर लिहिताना दाखवून दिले की मुलांना ऐकायला भरपूर मिळते, पण स्वतः बोलावे लागण्याची वेळ फार कमी येते. म्हणजे नुसते ऐकून जीभ वळत नाही. मोबाइलवर तासन्‌तास इंग्रजी व्हिडिओ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता भांडवल किती आहे ते पाहू. ते आपल्याला वाटते त्याहून बरेच जास्त आहे. गॅरेजवाल्याच्या तोंडी क्लच प्लेट, गॅसकेट, सायलेन्सर, बेअरिंग हे शब्द दिवसभर असतात. टेलरकडे कॉलर, कफ, लायनिंग, ट्रायल आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडे अँगल, चॅनल, गेज, शटर, ग्राइंडर, फिनिशिंग आहे. वस्तूंची नावे सगळी खिशात आहेत. नाहीत ती त्यांना जोडणारी क्रियापदे आणि प्रश्न. ‘व्हेन डू यू नीड इट?’ म्हणजे कधी पाहिजे. ‘आय विल फिनिश इट बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत करून देतो. ‘हू विल पे फॉर ट्रान्सपोर्ट?’ म्हणजे गाडीभाडे कोणाकडे. आणि सगळ्यात उपयोगी वाक्य, ‘प्लीज से दॅट अगेन, स्लोली’. पुन्हा सांगा म्हणायला लाज कसली? मराठीत गिऱ्हाइकाला आपण दहा वेळा ‘काय म्हणालात?’ विचारतोच. अशी तीस-चाळीस वाक्ये आपापल्या धंद्याची काढावीत. ती व्याकरणासाठी सोडवून पाहू नयेत, अख्खीच्या अख्खी तोंडात बसवावीत.

खरी ठेच लागते ती आकड्यांत. आपण सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन यांत विचार करतो आणि इंग्रजीत यांना एकेक शब्द नाही. दीड म्हणजे ‘वन अँड अ हाफ’, अडीचशे म्हणजे ‘टू हंड्रेड अँड फिफ्टी’, पावणेतीन फूट म्हणजे ‘टू फीट नाइन इंचेस’. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा तीन सूत झाले ‘थ्री एट्थ्स’. मनात एक आकडा आणि तोंडात दुसरा अशी ओढाताण झाली की अस्खलित बोलणाराही अडखळतो. फोनवर तर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू येतात. पहिल्यात जोर शेवटच्या ‘टीन’वर असतो, दुसऱ्यात सुरुवातीच्या ‘फिफ्‌’वर. तरीही पंधरा नगांच्या जागी पन्नास कापले गेले तर कापड परत जोडता येत नाही. म्हणून आकडा सांगून झाल्यावर ‘वन फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह झिरो’ असे सुटे अंक म्हणावेत, आणि पलीकडच्याकडूनही म्हणवून घ्यावेत. लाखाचा व्यवहार परदेशी माणसाशी असेल तर ‘वन हंड्रेड थाउजंड’ म्हणावे; त्याला लाख कळत नाही. रोज दुकान बंद करताना गल्ला मोजतो, तो इंग्रजीत मोठ्याने मोजला तर या सगळ्याचा सराव फुकट होतो.

बोलण्याला वेग यावा म्हणून भाषाशिक्षकांची एक युक्ती आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी १९८९ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या कामाची माहिती एकाला चार मिनिटांत सांगायची, तीच दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच असल्याने डोके शब्द शोधण्यात गुंतत नाही, अडखळणे कमी होते आणि वाक्ये जोडून येऊ लागतात. इशानंतर चार दुकानदार एकत्र बसले तर यासाठी ना फळा लागतो ना मास्तर. माणसे नसतील तर मोबाइलवर आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐकावा. आजकाल बोलून उत्तर देणारी ॲपही आली आहेत. त्यांच्यासमोर चुकायला संकोच वाटत नाही, एवढा त्यांचा फायदा नक्की आहे. पण ती हुज्जत घालत नाहीत आणि गिऱ्हाईक घालते, म्हणून माणसांची जागा त्यांना देऊ नये.

घरातच मास्तर असतो, त्याचे काय? मुलगी सातवी-आठवीत असते, शाळेत इंग्रजी धडाधड वाचते. वडिलांनी तिच्यापुढे बसून ‘हाऊ मच’ आणि ‘हाऊ मेनी’ यांतला फरक विचारायचा म्हणजे कमीपणा वाटतो. तिर्मिजीतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी तरुण जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांचे लिखाण शिकून घेण्यास सांगितले आणि त्यांनी ते साधारण पंधरवड्यात शिकून पत्रव्यवहार सांभाळला. ती गोष्ट लिखाणाची होती, संभाषणाची नव्हे, हे खरे. पण काम समोर ठेवून शिकलेली भाषा लवकर येते आणि परक्याची भाषा शिकण्यात कमीपणा नाही, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. मुलीचाही यात लाभ आहे. तिला व्याकरण येते, दुकानातले बोलणे येत नाही. ते वडिलांकडून मिळेल. घरी शिवणकाम, भरतकाम करणाऱ्या बहिणींनाही ही संगत उपयोगी पडेल.

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, अशा जाहिराती बसस्टँडच्या भिंतींवर गावोगाव दिसतात. क्लास लावूच नये असे आमचे म्हणणे नाही. फी भरण्याआधी एकच गोष्ट विचारावी, की तासाभरात प्रत्येक विद्यार्थी स्वतः किती मिनिटे बोलतो. चाळीस जण बाकांवर आणि एक सर फळ्यावर असतील, तर रॅपिडेक्सचे पुस्तक त्याहून स्वस्त पडेल, आणि तेही मोठ्याने वाचले तरच. उच्चार साहेबासारखे हवेत ही भीतीही काढून टाकावी. आखातात साइटवर फोरमन केरळचा असतो, स्टोअरकीपर फिलिपाइन्सचा, इंजिनिअर मिसरचा. तिथली इंग्रजी सगळ्यांचीच शिकलेली असते.

गल्फला निघालेल्या तरुणांनी मात्र सही करण्याआधी तीन प्रश्न तोंडपाठ करावेत. ‘व्हॉट इज द बेसिक सॅलरी?’, ‘हाऊ मेनी अवर्स अ डे?’ आणि ‘इज ओव्हरटाइम पेड?’ एजंटाने तोंडी सांगितलेला आकडा आणि करारातला आकडा शेजारी ठेवावा. दोन्ही जुळले नाहीत तर करारावर बोट ठेवून म्हणावे, ‘प्लीज राइट इट हिअर.’ लिहून मिळेपर्यंत पेन खिशातच असू द्यावे.