रिकामा रकाना वाचणारी माणसं

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातलं एचआयव्हीची औषधं देणारं एआरटी केंद्र अनेकांना ठाऊक असतं. ‘डापकू’, म्हणजे जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–१२) जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांत अशी पथकं उभी राहिली. ‘आयसीटीसी’ या समुपदेशन व तपासणी केंद्रांत किती तपासण्या झाल्या, बाधितांपैकी किती जण औषधावर आले, कितींनी मध्येच येणं सोडलं, याचा मेळ इथे लावतात. त्यासाठी ‘एम अँड ई असिस्टंट’, म्हणजे देखरेख व मूल्यमापन सहायक, असं पदच आहे.

हे काम नुसत्या टायपिंगचं नाही. समजा, गडहिंग्लजची एक बाधित गरोदर बाई बाळंतपणाला निपाणीला माहेरी गेली. बाळाची तपासणी सहा आठवडे, सहा, बारा आणि अठरा महिन्यांनी व्हायला हवी. अठराव्या महिन्याच्या तपासणीनंतरच बाळ बाधित आहे की नाही हे पक्कं ठरतं. पण आता मध्ये राज्याची हद्द आली. अहवालातला रकाना रिकामा राहतो. नवखा माणूस तिथे ‘शून्य’ टाकून पुढे जाईल. जाणता माणूस समुपदेशकाला फोन लावतो, “बाई माहेरी गेल्यात काय? तिकडच्या केंद्राला कळवलंय का?” त्या एका फोनवर बाळाचं वेळेवर निदान आणि उपचार अवलंबून असतात.

२०१० मध्ये ‘सिम्स’ ही संगणक प्रणाली आली, तिच्यात केंद्रांचे मासिक आकडे भरले जायचे. पुढे आलेल्या ‘सोच’मध्ये एकेका व्यक्तीचा माग ठेवता येतो. दोन्ही वेळा कर्मचाऱ्यांना नव्याने शिकावं लागलं. लागणीच्या प्रमाणाचा अंदाज बांधणाऱ्या सेंटिनल सर्वेक्षणाचं शिक्षण वेगळंच. तिथे दर केंद्रावर येतील त्या क्रमाने ४०० गरोदर बायांचे नमुने, नावाशिवाय, घ्यायचे असतात. सोयीने कुणाला वगळलं की अंदाज चुकलाच. त्यात २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहितीची गुप्तता बंधनकारक आहे.

देशात सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत. तरी हा मेळ लावणारी पदं कंत्राटी. प्रशिक्षणात कुठलं बटण दाबायचं ते शिकवतात. कुठला आकडा खटकला पाहिजे, हे बरोबरीने बसूनच कळतं. माणूस सोडून गेला की ती नजरही जाते. नव्या माणसाला जुन्यासोबत निदान दोन महिनाअखेरी काढू द्यायला हव्यात, आणि तेवढा दुहेरी पगार सरकारने द्यायला हवा.