वाकणे, मोडणे, फुटणे : पातळ स्मार्टफोन आणि खिसा

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरहून अक्कलकोटला एस.टी.ने येत असता माझा स्मार्टफोन विजारीच्या मागील खिशात राहिला. अंतर सुमारे चाळीस किलोमीटरांचे. घरी आल्यावर फोन मेजावर ठेवला तो होडीसारखा डोलू लागला. काच शाबूत होती, आवाज येत होता, अक्षरेही दिसत होती. परंतु अंगाला बाक आला होता आणि दोन दिवसांनी पडद्याचा वरचा भाग बोटाला दाद देईनासा झाला. दुरुस्ती केंद्रातील तरुणाने फोन उजेडात आडवा धरून पाहिला व निकाल दिला, "सर, तुम्ही फोन वाकवलाय. वॉरंटीत बसत नाही." मी म्हणालो, "वाकवला नाही, वाकला." तो हसला. त्याच्या दृष्टीने ही एका मास्तराची व्याकरणातील खोड होती. मला मात्र त्या एका 'व'ची किंमत रोख मोजावी लागली.

पातळ फोन खिशात बाळगण्याइतका टिकाऊ असतो काय, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा आहे. तथापि त्याचे उत्तर देताना 'टिकाऊ' म्हणजे काय आणि 'न टिकणे' किती प्रकारचे, हे आधी ठरवावे लागते; आणि ह्या कामी मराठी भाषेने जी वर्गवारी करून ठेवली आहे ती इतकी सूक्ष्म आहे की तिच्याच वाटेने गेल्यास प्रश्नाची उकल अधिक सोपी होते, असे मला वाटते.

चार्ल्स फिलमोर ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७० साली मारणे आणि मोडणे ह्या दोन अर्थांच्या क्रियापदांचे व्याकरण मांडले. पहिल्या गटातील क्रियापदे आघात सांगतात, दुसऱ्या गटातील वस्तूची बदललेली अवस्था सांगतात, हा त्यातील मुख्य भेद. पुढे असिफा मजीद, मेलिसा बोवरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठ्ठावीस भाषांतील बोलणाऱ्यांना कापण्याच्या व मोडण्याच्या त्याच त्या चित्रफिती दाखवून त्यांची वर्णने तपासली; त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ व २००८ साली प्रसिद्ध झाले. वस्तू नेमकी कोठे विलग होणार हे आधी सांगता येते की नाही, हा सर्व भाषांना सामाईक असा प्रमुख निकष त्यांत आढळला. सुरीने कापताना जागा ठरलेली असते, हातोडीने फोडताना नसते. त्याखालोखाल फाडण्याची क्रिया बहुधा वेगळी पडते. आणि काठीसारखी वस्तू कडकन मोडणे व मडक्यासारखी वस्तू फुटून तुकडे होणे हा भेद कित्येक भाषा करतात, कित्येक करीत नाहीत.

मराठी तो कटाक्षाने करते. काठी मोडते, दोरी तुटते, काच फुटते, कापड फाटते. हिंदीत काठी, दोरा आणि आरसा ह्या तिन्हींना 'टूटना' चालते. मराठीत 'आरसा तुटला' हे कानाला खटकते. अक्कलकोट तालुक्यात घरोघरी मराठीइतकीच कन्नडही बोलली जाते, म्हणून तिच्याकडेही पाहू. कन्नडमध्ये काठीला 'मुरि', मडक्याला व काचेला 'ओडे' आणि दोरी व कापड ह्या दोहोंना 'हरि'. म्हणजे मराठी जेथे तुटणे व फाटणे वेगळे मानते तेथे कन्नड एकच धातू वापरते. पण मोडणे व फुटणे ह्यांतील भिंत दोन्ही भाषांत सारखीच आहे. (सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड आणि उर्दू ह्यांची वाक्यरचना परस्परांच्या किती जवळ आली आहे, हे गंपर्झ आणि विल्सन ह्यांनी १९७१ साली दाखविले आहे. शब्दार्थांच्या बाबतीत असे काम आपल्या सीमाभागात अद्याप पुष्कळ करण्यासारखे आहे.)

एवढ्यावर मराठीचे भांडार संपत नाही. कपबशीचा टवका उडतो, दगडाची कपची निघते, भिंतीला तडा जातो, पितळेच्या तांब्याला पोचा येतो, बांबू पिचतो. आणि वाकण्याच्या शेजारी 'लवणे' आहे. वाऱ्याने ऊस लवतो व वारा थांबताच सरळ होतो. खिळा वाकतो तो वाकलेलाच राहतो. पदार्थविज्ञानात ज्याला स्थितिस्थापक विरूपण म्हणतात ते लवणे होय. भार काढल्यावरही जे उरते ते वाकणे. दैनंदिन बोलीत ही सीमारेषा सदैव पाळली जाते असे नव्हे, पण शब्द दोन आहेत आणि आपल्या कामाला ते पुरेसे आहेत.

आता फोनकडे वळू. फोन ही एक वस्तू नसून अनेक द्रव्यांची घडी आहे : बाहेर धातूची चौकट, पुढे व बहुधा मागेही काच, आत विद्युत्‌घट आणि मंडलाची पाटी. धातू वाकतो, काच फुटते, तार तुटते, घट फुगतो. 'मोबाईल फुटला' हा प्रयोग आता सर्रास ऐकू येतो. बटणांचे फोन होते तेव्हा 'मोबाईल पडून तुटला' असेच बहुधा म्हणत. फोनचे अंग काचेचे झाले ही गोष्ट जाहिरातींच्या आधी क्रियापदाने नोंदविली, असे म्हणावयास हरकत नाही.

पातळपणाचा हव्यास नवा नाही. २०१४ साली व्हिव्हो कंपनीने अवघ्या ४.७५ मिलिमीटर जाडीचा फोन काढला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ॲपलचे आयफोन ६ (६.९ मिमी) आणि आयफोन ६ प्लस (७.१ मिमी) बाजारात आले व काही दिवसांतच खिशात वाकलेल्या फोनांची छायाचित्रे जगभर फिरू लागली. नेहमीच्या वापरात असे होणे अत्यंत दुर्मिळ असून केवळ नऊ ग्राहकांनी तक्रार केली आहे, असे कंपनीने सांगितले. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ह्या अमेरिकन ग्राहकसंस्थेने तेव्हा फोन दोन टोकांवर टेकवून मध्यभागी भार देण्याची चाचणी घेतली. आयफोन ६ सुमारे ३२ किलोच्या भाराखाली कायमचा वाकला, ६ प्लस सुमारे ४१ किलोच्या, तर जुना आयफोन ५ सुमारे ५९ किलोपर्यंत टिकला.

ह्या आकड्यांत एक विसंगती दिसेल. लोकांच्या तक्रारी मुख्यतः ६ प्लसविषयी होत्या, पण चाचणीत तो ६ पेक्षा सरस ठरला. याचे कारण असे की खिशात फोन मध्यभागी वाकत नव्हता. आवाजाच्या बटणांसाठी चौकटीला जेथे भोके पाडलेली होती तेथे वाकत होता. चाचणीने भार एका जागी दिला आणि दुबळी जागा दुसरीच होती. विलग होण्याचे स्थान आधी सांगता येते काय, हा जो प्रश्न भाषाशास्त्रज्ञांनी अठ्ठावीस भाषांना विचारला तोच येथे अभियंत्यांनी स्वतःला विचारावयास हवा होता. विचारला नव्हता असेही नाही. अमेरिकेतील एका खटल्यात २०१८ साली उघड झालेल्या कागदपत्रांनुसार, आयफोन ५एसच्या तुलनेत ६ वाकण्याची शक्यता ३.३ पट आणि ६ प्लस वाकण्याची ७.२ पट आहे, असे कंपनीच्या अंतर्गत चाचण्यांत आधीच दिसून आले होते. शिवाय कित्येक फोनांत बाहेरून काहीच न दिसता आतील स्पर्शनियंत्रक तुकड्याचे डाख सुटत गेले व पडदा बधिर झाला. बाहेरून अखंड आणि आतून खिळखिळे, ह्या अवस्थेला मराठीत 'पिचणे' हा नेमका शब्द आहे. माझ्या फोनचेही तेच झाले असावे.

पातळपणाने दुबळेपणा किती वाढतो? भरीव पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली तर ताठरपणा एक-अष्टमांश उरतो. कायमचे वाकण्यास लागणारा भार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २०२५ साली आलेल्या दोन फोनांपैकी सॅमसंगचा एस२५ एज ५.८ मिमी, तर ॲपलचा आयफोन एअर ५.६ मिमी जाडीचा आहे. ५.६ आणि ७.१ ह्यांचे गुणोत्तर ०.७९, त्याचा घन ०.४९. अर्थात द्रव्य व रचना तीच राहिली असती तर एअरचा ताठरपणा ६ प्लसच्या निम्माच भरला असता. फोन भरीव नसल्यामुळे हा हिशेब ढोबळच समजावा, पण दिशा बरोबर आहे.

येथे द्रव्य मदतीला येते. वरील दोन्ही फोनांची चौकट टायटॅनियमची आहे. टायटॅनियमचा ताठरपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे दीडपटच. पण कायमचे वाकण्यापूर्वी तो जो ताण सहन करतो तो फोनांत वापरल्या जाणाऱ्या सामान्य ॲल्युमिनियमच्या कित्येक पट असतो. म्हणून हे फोन लवतात पुष्कळ, वाकतात क्वचित. 'मोडेन पण वाकणार नाही' हा आपल्याकडे बाण्याचा उद्गार मानला जातो. नव्या फोनच्या कर्त्यांनी नेमका उलटा बाणा पत्करला आहे.

परंतु चौकट लवली की तिच्याबरोबर काचेलाही लवावे लागते. ह्या ठिकाणी पातळपणाच उपयोगी पडतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. बुरूड टोपली विणताना बांबू चिरून त्याच्या पातळ कामट्या का करतो? अखंड बांबू तेवढ्या वळणाला पिचेल. कामटी निमूटपणे वळते. ठराविक वळणावर पृष्ठभागाला बसणारी ओढ जाडीच्या प्रमाणात असते. जाडी कमी तर ओढ कमी. तेव्हा प्रश्न असा उरतो की खिसा फोनवर ठराविक वळण लादतो की ठराविक भार? घट्ट विजारीच्या पुढील खिशात मांडीची गोलाई फोनला वळण देते; तेथे पातळ व लवचीक फोनची फारशी हानी होऊ नये. मागील खिशात मात्र माणूस बाकावर बसतो, आणि एस.टी.चा प्रत्येक खड्डा त्याच्या वजनात भर घालतो. तो भार आहे, वळण नव्हे. आणि भाराखाली पातळपणा घातकच. एकाच विजारीच्या दोन खिशांना दोन वेगळी उत्तरे मिळतात ती यामुळे.

काचेचे दुःख आणखी निराळे. फोनची काच तापलेल्या पोटॅशियम क्षाराच्या द्रावात बुडवून तिच्या पृष्ठभागातील सोडियमचे कण काढून त्या जागी मोठे पोटॅशियमचे कण बसवितात. त्यामुळे पृष्ठभाग दाटीने दाबलेला राहतो व तड सहजासहजी उघडत नाही. हा दाबलेला थर अत्यंत पातळ असतो. वाळूतील गारगोटीचा कण काचेहून कठीण. खिशात किल्ल्यांबरोबर चार कण जमले की काचेवर ओरखडे उठतात, आणि पुढील वेळी लवताना किंवा पडताना काच त्या ओरखड्यापासून फुटते. काच अंगावर बाळगण्याचा अनुभव ह्या समाजाला नवा आहे असे नाही. बांगडी ही अंगावरची काचच. ती फुटली म्हणणे अशुभ, म्हणून ती 'वाढवली' म्हणतात. देवळापुढे नारळही 'वाढवतात'. फोन वाढवला असे अजून कोणी म्हणत नाही.

खिशाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. 'खिसा' हा शब्द अरबी-फारसी 'कीसा' म्हणजे पिशवी, थैली ह्यापासून आला. खिसा मुळात शिवलेला नव्हे, बाळगलेला. आपल्याकडे कनवट, कसा, बटवा, चंची ही सारी जवळ बाळगण्याचीच साधने होती, आणि त्यांपैकी कोणत्याही साधनावर माणूस बसत नसे. अक्कलकोटच्या बाजारात वृद्ध शेतकरी सदऱ्याच्या बाजूच्या सैल खिशात फोन टाकून हिंडताना दिसतात. तेथे फोन लोंबतो, दाराच्या चौकटीवर आपटण्याचे भय असते, पण त्यावर वळणही येत नाही आणि भारही. माझ्या मते पातळ फोनला उपलब्ध खिशांपैकी सर्वांत योग्य असा हाच. छातीवरचा खिसा दुसरा. मात्र विहिरीत किंवा हौदात वाकून पाहणाऱ्याने त्याचा भरवसा धरू नये. साडी नेसणाऱ्या स्त्रियांना खिसाच नसल्याने त्यांचा फोन पर्समध्ये वा हातात राहतो. पडून तो फुटेल, वाकणार मात्र क्वचित.

राहिला 'वाकला' की 'वाकवला' हा वाद. मराठीत 'मोडणे' हे अकर्मक व सकर्मक दोन्ही आहे : 'काठी मोडली' ह्या वाक्यात कोणी मोडली की आपोआप मोडली हे कळत नाही. 'फुटणे-फोडणे', 'तुटणे-तोडणे', 'वाकणे-वाकवणे' ह्या जोड्यांत मात्र निवड करावीच लागते. मध्ये एक तिसरी वाट आहे, 'माझ्याकडून वाकला'. हेतू नाही पण हात आहे, अशी ही कबुली. फोन मागील खिशात ठेवून बसणाऱ्याचे खरे वाक्य हेच, आणि मी तेच म्हणावयास हवे होते. पण फोन खिशात ठेवणे हा 'नेहमीचा वापर' आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार एकट्या विक्रेत्याचा नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील 'दोष' ह्या शब्दाच्या व्याख्येत विक्रेत्याने ज्याचा दावा केला असेल त्या गुणातील उणीवही येते. म्हणून फोन घेताना पेटीवरचा व जाहिरातीतला टिकाऊपणाविषयीचा मजकूर जपून ठेवणे शहाणपणाचे.

केंद्राने परत पाठविलेला फोन मी शेवटी अक्कलकोटातील एका लहान दुकानात नेला. दुकानदाराने तो डोळ्यासमोर धरला आणि शेजारी बसलेल्या भावाला कन्नडमध्ये म्हणाला, "बाग्यद." कन्नडमध्ये वाकवणे हे 'बागिसु', त्याने 'बागु' वापरले. म्हणजे वाकला आहे. कोणी, ते त्याने विचारले नाही.