दुःखाचा लिलाव

गरजवंताला अक्कल नसते, अशी म्हण आहे. गरजवंत मूर्ख असतो, असें तिला सांगावयाचें नाहीं. त्याला निवडीचें स्वातंत्र्यच उरत नाहीं, हें तिचें मर्म आहे. खऱ्या कुटुंबांच्या अडचणी दाखवून करमणूक करणाऱ्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांचा विचार करतांना हें मर्म विसरून चालत नाहीं.

या प्रथेचें मूळ नभोवाणींत आहे. अमेरिकेंत १९४५ सालीं ‘क्वीन फॉर ए डे’, म्हणजे ‘एका दिवसाची राणी’, हा कार्यक्रम नभोवाणीवर सुरू झाला. १९५६ पासून १९६४ पर्यंत तो दूरचित्रवाणीवरहि चालला. त्यांत कांहीं स्त्रिया एकीमागून एक आपल्या संसाराची व्यथा सांगत व एखादी गरजेची वस्तु मागत. मग प्रेक्षक टाळ्या वाजवीत, आणि टाळ्यांचा जोर एका यंत्राच्या कांट्यावर मोजला जाई. जिच्यासाठीं कांटा सर्वांत पुढें सरके, तिला मखमली झगा व मुगुट घालून राणी करीत. भेटवस्तु व्यापारी देत. त्यांच्या मालाची जाहिरात आपोआप होई. हरलेलीच्या घरची अडचण मात्र टाळ्या कमी पडल्यानें कमी होत नसे.

२०१५ सालीं त्याच देशांत ‘द ब्रीफकेस’ हा कार्यक्रम आला. पैशाच्या विवंचनेंत असलेल्या कुटुंबाच्या हातीं १,०१,००० डॉलरची पेटी द्यावयाची व विचारावयाचें: सर्व रक्कम ठेवणार, कीं दुसऱ्या गरजू कुटुंबास कांहीं देणार? त्या दुसऱ्या कुटुंबालाहि तशीच पेटी मिळाली आहे, ही गोष्ट लपविलेली असे. पैसे ठेवावे तर जगापुढें स्वार्थी ठरावें. द्यावे तर कर्ज तसेंच राहावें. नवराबायकोची ही घालमेल हाच खेळाचा विषय होता.

या कुटुंबांनीं स्वखुशीनें संमति दिलेली असते व त्यांना खरोखर मदत मिळते, असें समर्थक म्हणतात. मदत मिळते हें खरें. परंतु मुख्य गोष्ट लपवून घेतलेली संमति पुरी कशी म्हणावी? घरांतील अजाण मुलांची संमति कोण देणार? शिवाय, चित्रित प्रसंगांपैकीं कोणते दाखवावे हें निर्माता ठरवितो. शेजारीपाजारी मात्र त्या तेवढ्यावरूनच माणसाची पारख करतात. अपुरें वेतन व औषधपाण्याचा खर्च हीं दारिद्र्याचीं कारणें बाजूला राहून गरिबाच्या शीलाचीच परीक्षा सुरू होते.

ब्रिटनमध्यें ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेनें २०२१ सालीं नियम करून, ज्यांना अपाय होण्याचा संभव आहे अशा सहभागी व्यक्तींची योग्य काळजी घेण्याचें बंधन प्रसारकांवर घातलें. हें पाऊल उचित आहे. पण नियम प्रेक्षकाच्या घरांत शिरूं शकत नाहीं. आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानलें आहे, कारण त्यांत घेणाऱ्याची मान खालीं जात नाहीं. मदतीच्या मोबदल्यांत अश्रु मागणारा कार्यक्रम पाहतांना, टाळ्यांचा तो कांटा आपणच पुढें सरकवीत आहों, एवढें प्रेक्षकानें ओळखावें.